दर नव्याले येते

आमच्या गावात खाकी कपड्यातल्या माणसानं कोणाचं नाव विचारलं का उत्तर एकच. "असा कोनी नाई इथी." मी अंगणवाडीत पोट्ट्याइले दहापर्यंत आकडे शिकवते, ते सुट्टीत विसरून जातात. पण हे एक वाक्य त्याइले कोणी न शिकवता येते.

उगाच नाई येत. माझ्या आईचा लहान भाऊ, झाडू मामा, तरणा होता तवाची गोष्ट. पोलीस ठाण्यातून लोक आले आणि आजीले विचारलं, झाडू तुझाच का? आजी मोठ्या कौतुकानं म्हणाली, हव, माझाच, वावरात आहे, थांबा बोलावते. सोताच्या तोंडानं हाक मारून बोलावलं तिनं त्याले. चौकशीले म्हणून नेला, तो चार वर्षांनी निर्दोष सुटून आला. तवापर्यंत आजी गेलती. मामा आता आमच्याच घरी राहते. फटफटीचा आवाज आला का आजही तो जेवता जेवता उठते आणि मागच्या सांदवाडीत, परसात जाऊन उभा राहते.

अन् अशा गावचा पत्ता माझ्या भावानं अमेरिकेच्या सरकारले दिला. आम्हाले एका शब्दानं न सांगता!

माझा भाऊ अंकुश. अंकुश पेंदाम. आलापल्लीच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून आत, सागाच्या जंगलातल्या आमच्या गावातून अमेरिकेत गेलेला पहिला आणि आजपर्यंतचा शेवटचा माणूस. मशीनीचा इंजिनियर आहे. तिकडं एक योजना आहे म्हणे. विमानतळावर बाहेरून येणाऱ्यायची ही लंबी लाईन असते, उभं राहून पाय दुखतात, वरून प्रश्नावर प्रश्न. पण ज्याच्यावर तिथल्या सरकारचा भरवसा बसला, त्याले एक कार्ड भेटते. तो मशीनीपुढं तोंड दाखवते आणि चालला जाते. भरवशाचा प्रवासी! तिथल्या नागरिकाले ते लवकर भेटते. अंकुशसारख्या परदेशी माणसासाठी मात्र आपल्या इकडच्या पोलिसाइनं सांगावं लागते, का हव, हा माणूस चांगला आहे, याचं घर इथीच आहे, याले लोक ओळखतात. त्याच्या पासपोर्टावर पत्ता गावचा. म्हणून मोहफुलाच्या दिवसात एक जमादार आमच्या दारात आला.

मी त्या दिवशी मीटिंगले आलापल्लीले गेलती. पुढचं मले शेजारच्या झिंगू आजानं सांगतलं, आणि सांगताना त्याची छाती फुगून राह्यली होती, काय पराक्रम केला बाप्पा!

आई अंगणात मोहफुलं पसरवत होती. जमादारानं विचारलं, "अंकुश पेंदाम इथीच राहते का?"

"असा कोनी नाई इथी," आई म्हणाली.

"तुमचं आडनाव पेंदामच ना? तुमचा पोरगा नाई का तो?"

"मले एकच पोरगी आहे. पोरगा नाई."

जमादारानं झिंगू आजाले विचारलं. आजानं अंकुशले खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवली, पोहायले शिकवलं. आजा म्हणाला, "हे नावच नाई आयकलं कधी." हातपंपावरच्या बाया म्हणाल्या, नाई. किराणावाला म्हणाला, नाई. सारा गाव एका तोंडानं बोलला. जमादारानं ते लिहून घेतलं आणि गेला. मामा सांदवाडीतून परत आला, आईनं त्याले पाणी दिलं. पोरगं वाचवलं म्हणून आई त्या दिवशी खुशीत होती.

पावसाच्या आधी अंकुशचा फोन आला. आमच्या घरात गोंडी चालते. मी आता तुम्हाले मराठीतून सांगून राह्यली ते वेगळं. अंकुश मात्र फोनवर मराठी बोलते, ती बी टीव्हीवरच्या बातम्यासारखी.

"करिश्मा, माझा अर्ज नाकारला. कारण ऐकायचंय? दिलेल्या पत्त्यावर मला कोणी ओळखत नाही. माझ्या आईने सांगितलं, तिला मुलगाच नाही! अगं, माझ्या आईने!"

माझं डोस्कं फिरलं. "मंग पयले सांगायले काय झालतं तुले? तुले का वाटलं, पोलीस दारात येईल आणि आई त्याले चहा पाजेल? झाडू मामाले विसरला का रे तू?"

तो हळू आवाजात म्हणाला, "मी इथे सगळ्यांना नागपूरचा आहे म्हणून सांगतो. या पत्त्यावर खरंच कोणी चौकशीला जाईल, असं वाटलंच नव्हतं."

मले त्याची लाज वाटली. पण त्याच्या पुढच्या बोलण्यानं मी ती गिळून टाकली. त्याची कंपनी त्याले हैदराबादचं काम देऊन राह्यली होती. दर तीन महिन्यांनी तिकडून इकडं, इकडून तिकडं. आणि त्या जागेवर हे कार्ड असलेलाच माणूस घेतात, सारखं विमानतळावर अडकणारा नाई चालत. "हैदराबादवरून घर म्हणजे काय आहे गं? सिरोंचाचा पूल ओलांडला की आलोच. दर खेपेला दोन दिवस घरी येईन ना मी. आईला सांग."

आईले सांगायची गरज नव्हती. फोनचा आवाज मोठा होता आणि आई बाजूलेच सूप घेऊन बसलती. तिच्या हातातलं सूप थांबलं.

त्याच्यानंतर आई आठ-पंधरा दिवस नीट जेवली नाई. हातपंपावर जाईना. "म्या माह्या तोंडानं माहा पोरगा नाई म्हनलं," एवढंच म्हणे. मी समजावलं, तुले काय माहीत होतं, तू तर त्याच्या भल्यासाठीच बोलली. ती म्हणे, "माह्या मायनं भल्यासाठी हव म्हनलं, म्या भल्यासाठी नाई म्हनलं. दोघीयचं बी चुकलं."

अंकुशनं पुन्हा अर्ज केला. यावेळी मी सगळ्यायले बजावून ठेवलं. पण मले बजावायची काय गरज, आईच घरोघर फिरली. जंगलच्या रस्त्यानं कोणी खाकीवाला आला आणि अंकुशचं नाव घेतलं, तर हव म्हणा, माझ्या पोराची शपथ आहे. लोक बिचकले. झिंगू आजा तर आईले म्हणाला, "सुकरी, तोंडातून निघन का मले?" मग त्यानं चार दिवस सराव केला.

श्रावणात तोच जमादार आला. पाऊस उघडला होता. आईनं अंगण सारवून ठेवलं होतं, ग्रामपंचायतीतून खुर्ची मागून आणलती, चांगलं लुगडं नेसून बसली होती. मामा सांदवाडीत गेला तो गेलाच. बाकी सारा गाव आमच्या अंगणात.

"अंकुश पेंदाम?" जमादारानं विचारलं.

"माहा पोरगा!" आई एवढ्या जोरानं बोलली का कोंबड्या पळाल्या.

"म्या त्याले खांद्यावर बसवून मंडईत नेलता," झिंगू आजा पुढं सरकला.

"आजा, मागच्या खेपेले तर तू नाव नोतं आयकलं."

"मागच्या खेपेले मले आयकूच नोतं येत साहेब."

सगळे हासले. जमादार बी हासला. माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं तसं लोक सांगत गेले, पोरगा हुशार, पोरगा सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आईचा चेहरा असा फुललता का मी बाबा गेल्यापासून तसा पाहिला नव्हता. मले वाटलं, झालं काम.

मग जमादारानं सहज विचारलं, "घरी येत असते का मंग? शेवटचा कधी आलता?"

अंगण चूप झालं. सगळ्यायले माहीत होतं. अंकुश नऊ वर्षांत एकदा आलता, बाबा गेले तवा, आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. त्याच्यानंतर सहा वर्षं झाली. दरसाल फोनवर पुढच्या साली येतो म्हणे. गावातल्या बाया आईले कधी तोंडावर बोलल्या नाई, पण चूल पेटवताना, धान रोवताना बोलतच असतील ना?

आईनं मान वर केली. "दर नव्याले येते."

नवं म्हणजे नवा पंडुम. पहिला हलका धान निघाला का त्याचा भात आधी देवाले, वाडवडलाइले, मग घरच्याइले. घरातलं सारं माणूस एका पंगतीत पानावर बसल्याशिवाय नवा दाणा कोणाच्या तोंडात जात नाई. आमच्याकडं याच्यापेक्षा मोठं कारण नाई घरी येण्याचं. जे नव्याले येत नाई, ते घरचं राह्यलं नाई, असं लोक धरून चालतात.

"दरसाल येते?" जमादारानं विचारलं.

"दरसाल."

जमादारानं हातातले कागद पाहिले. मग तो उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, त्याच्या पासपोर्टावर सहा वर्षांत इकडं आल्याचा एक शिक्का नाई. मागचा जबाब खोटा, आता हा बी खोटा निघाला तर वर भरवसा कोन ठेवन? पोराचं काम होनार नाई. तू शिकलेली आहे, तू सांग, काय लिहू?"

तो हळूच बोलला, पण त्या शांततेत कोणाले ऐकू नाई गेलं? मी आईकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहून राह्यली होती. तिच्या डोळ्यात एकच होतं, हव म्हण वं पोरी.

मी म्हणाली, "नाई येत साहेब. बाबा गेले तवा आलता. त्याच्यानंतर नाई आला."

कोणीतरी बाईनं च्च केलं. तो आवाज मले आजही ऐकू येते. आई उठली. "चहा उकळला असन," म्हणून आत गेली. चूल तर पेटवलीच नव्हती. लोक एक एक करून निघाले, कोणी माझ्याकडं पाहिलं नाई. झिंगू आजानं जाता जाता खुर्ची उचलली आणि ग्रामपंचायतीत नेऊन ठेवली. जमादारानं लिहिलं, माझी सही घेतली आणि गेला.

आत गेली तर आई चुलीपुढं बसलती. मले तिचा राग बी आलता. "तुले खोटं बोलायची काय गरज होती वं? सगळ्यायसमोर मले बोलायले लावलं."

"म्या खोटं नाई बोलली," ती म्हणाली. "त्याचं पान असते ना दरसाल."

खरंच असते. दर नव्याले आई पळसाची पानं मांडते. वाडवडलाइची वेगळी, चुलीकडं. आणि आमची पंगतीत: मामाचं, माझं, तिचं, आणि मामाच्या बाजूले अंकुशचं. बायाइनं सांगून पाहिलं का जित्या माणसाचं रिकामं पान मांडू नये, अपशकुन होते. आई म्हणे, रिकामं कुठी आहे, वाढून राह्यली ना मी. त्या पानावर भात वाढल्याशिवाय ती सोताच्या पानावर घेत नाई. मग अंकुशच्या वाट्याचा तो भात मामा खाते.

"म्या त्याच्या नावानं वाढते. मंग तो आला नाई कसा?" आई बोलली. "पोलिसाले शिक्का पाहिजे. मले नाई पाहिजे."

त्या रात्री मले झोप नाई आली. मी खरं बोलली होती, अंकुशच्या भल्यासाठी, आईच्या भल्यासाठी. तरी साऱ्या गावासमोर मी सोताच्या मायचं लुगडं ओढल्यासारखं मले वाटून राह्यलं होतं. मी मनाले समजावलं: तो आला का सगळं भरून निघेल. दर तीन महिन्यांनी दारात गाडी उभी राहील, मग पाहू कोण च्च करते.

दिवाळीच्या पुढं-मागं अंकुशचा फोन आला. काम झालं! कार्ड भेटलं, हैदराबादची जागा बी भेटली. "तुझ्यामुळे झालं करिश्मा," म्हणाला. मी आईले सांगतलं.

"बसला का आता त्यायचा भरवसा?" आईनं विचारलं.

"हव. बसला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी तिनं एक कोंबडा बाजूले ठेवला. हा कापायचा नाई, अंकुश आला का कापू.

संक्रांतीच्या सुमाराले तो हैदराबादले आला. आईनं पुन्हा अंगण सारवलं. दोन दिवस ती सडकेकडं पाहत बसली. तिसऱ्या दिवशी फोन आला, खूप मीटिंगा होत्या, पुढच्या खेपेला नक्की. मी म्हणाली, ठीक आहे. पहिलीच खेप होती बिचाऱ्याची.

दुसऱ्या खेपेले फोन नाई आला, पार्सल आलं. आईले शाल आणि पेढ्याचा डबा. मी पार्सलवरचा हैदराबादचा पत्ता पाहिला आणि कागद पटकन चुरगळला. "अमेरिकेतून पाठवलं वं आई," मी म्हणाली.

आईनं एक पेढा उचलला, बोटानं दाबला. तो मऊ होता, ताजा होता. तिनं तो माझ्या हातात दिला. "तू खा," म्हणाली. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या खेपेचं मले मोबाईलवर दिसलं. ऑफिसातल्या लोकाइसोबत बिर्याणी खाऊन राह्यला होता, हासून राह्यला होता. मी रागानं फोन लावला. "आमच्या गावले यायची लाज वाटते का तुले?"

तो कितीक वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी गोंडीत बोलला. "गावाची नाई वाटत करिश्मा. आता इतके दिवस नाई आलो, तर कोणत्या तोंडानं येऊ, याची वाटते. आई पोलिसाले काय म्हणाली होती ते जमादारानं फोनवर सांगतलं मले. दर नव्याले येते म्हणे. तवापासून तर पायच उचलत नाई माझा."

मले त्याले शिव्या द्यायच्या होत्या. ये ना मग गाढवा, असं म्हणायचं होतं. पण मी फोन ठेवून देला. ज्या गोष्टीनं तो यायले पाहिजे होता, त्याच गोष्टीनं तो येत नव्हता, आणि आईचं ते खोटं उघडं पडून त्याच्या कानावर गेलंच नसतं, जर मी त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं. पण मग कार्ड भेटलं नसतं. विचार करून करून माझं डोस्कं दुखलं.

इकडं आई बदलली होती. हातपंपावर कोणी विचारलं, अंकुश येऊन राह्यला म्हणे हैदराबादले, तर ती घागर उचलता उचलता म्हणे, "मले नाई मालूम." जमादाराले पहिल्या खेपेले बोलली होती ना, अगदी त्याच आवाजात.

यंदाचं नवं परवाच झालं. कोंबडा आता एवढा मोठा झाला होता का कोणाच्या अंगावर धावून जाई. त्याले कोणी हात लावला नाई. आईनं वाडवडलाइले भात दिला, मग पंगतीतली पानं मांडली. मामाचं. माझं. तिचं. चौथं पान हातात घेऊन ती जराशी थांबली. मले वाटलं, आता ठेवते परत. तिनं मांडलं, पण भात वाढला नाई. तशीच त्याच्यापुढं बसून राह्यली.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. मामा उठला आणि मागच्या दाराकडं गेला. दारात तोच जमादार, दुसऱ्या कोणत्या कामानं चाललता वाटते. उतरला बी नाई, गाडीवरूनच हाक मारली.

"जोहार बाई! नवं आहे का आज? झालं ना पोराचं काम? मंग, आला का यंदा?"

समोरच्या अंगणात झिंगू आजाची सून, हातपंपावरच्या बाया, सगळ्यायचे कान आमच्याकडं. आईनं वर पाहिलंच नाई. तिची नजर पानावर होती आणि तिचा हात भाताच्या गंजावर तसाच थांबला होता.

मी उठून दारात गेली. "हव साहेब," मी म्हणाली. "दर नव्याले येते तो."

जमादार माझ्याकडं पाहत राह्यला. माझी सही होती त्याच्याकडं, माझ्याच हातची. "आलाय?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. झाडू मामा. जो माणूस सुटून आल्यापासून खाकी कपड्यासमोर कधी उभा राह्यला नाई, तो माझ्या मागं येऊन उभा होता.

"बोडीवर गेला आंघोळीले," मामा म्हणाला. "येते आता."

जमादारानं मामाकडं पाहिलं, मग आतल्या चार पानांकडं. "बरं बरं," म्हणाला. "जेवा मंग." आणि गाडी चालू करून निघून गेला.

मी आत येऊन बसली. मामा बी त्याच्या जागेवर बसला. मी काऊन खोटं बोलली, ते आईनं विचारलं नाई. तिनं गंज जवळ ओढला आणि अंकुशच्या पानावर भात वाढला, मग आमच्या. भात गरम होता. माझ्यानं त्या पानाकडं पाहवलं नाई, मी खाली मान घालून जेवली.